सातवं मूल

कुरणवाडीत विशेष मुलांच्या खोलीचं उद्घाटन झालं, त्या दिवशी चार डोकी फुटली, एक खांदा निखळला आणि हलगीवाल्याचा पुढचा दात कायमचा शाळेच्या मैदानात राहिला. मुलांपैकी कुणाला साधं खरचटलंही नाही. त्या अर्थानं कार्यक्रम मुलांसाठी सुरक्षित झाला असं म्हणायला हरकत नाही.

संयोगिता चौगले त्या दिवशी घरातून निघाली तेव्हा तिच्या डाव्या दंडावर ताजा चावा होता. चावा तिच्याच पोराचा, राजवीरचा. राजवीर नऊ वर्षांचा. तो बोलत नसे, आणि दुसऱ्या कुणी आवाज केलेला त्याला सोसत नसे. मिक्सर लागला, कुत्री भांडली, शेजारणीच्या हातून ताट पडलं, की तो आधी कान दाबायचा, मग कपाळ भिंतीवर आपटायचा, आणि कपाळ व भिंत यांच्यामध्ये आई आली की आईला चावायचा. संयोगिता गेली कित्येक वर्षं मध्ये येत होती. तिचं नाक एकदा मोडून जरा डावीकडं बसलं होतं. गावात पैलवान बरेच होते, पण रोजची कुस्ती तिची एकटीचीच.

आजवर अशा पोरांसाठी सरकारनं जे काही केलं ते सगळं कोल्हापुरात. अधूनमधून जायचं, रांगेत बसायचं, पोराची उंची मोजून घ्यायची आणि परत यायचं. राजवीरची उंची वाढत होती, याबद्दल सरकार समाधानी होतं. मागच्या खेपेला एसटीच्या ड्रायव्हरनं करकचून हॉर्न मारला. राजवीरनं पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेत दात रोवले. त्या माणसानं उलट्या हातानं राजवीरच्या तोंडावर मारलं. मग संयोगितानं त्या माणसाला मारलं. मग कंडक्टरनं तिघांनाही भर उन्हात फाट्यावर उतरवलं, आणि तिघं एकमेकांकडं न बघता पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहिले.

त्या संध्याकाळी तिचा नवरा विश्वजित, जो दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता, बाजारातून एक दावं घेऊन आला.

"म्हशीचं न्हाय, नवं आणलंय," तो म्हणाला. जणू तेवढ्यानं फरक पडत होता. "तू रानात गेलीस की बांधायचं. मऊ हाय. हात लावून बघ."

"आदी तुला बांधून बघतो की," संयोगिता म्हणाली.

"मग काय करू सांग! परवा शेजारच्या पोरीचं डोस्कं फोडलं. उद्या कुणाचा डोळा फोडंल. एक दिवस लोक मारून टाकतील त्याला, संयू."

तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती. वाईट असता तर तिनं त्याला सरळ घराबाहेर काढला असता. दाव्याचं टोक बोटांवर गुंडाळताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. संयोगितानं त्याच दाव्याचे दोन त्याच्या पाठीत ओढले, दोघंही थोडा वेळ रडले, आणि शेवटी ठरलं ते असं: गावात खोली झाली तर दावं नाही. खोली झाली नाही तर दावं.

खोलीची बातमी प्रभुदेसाई मॅडमनी आणली होती. जिल्ह्याच्या नव्या अधिकारी. मूळच्या रत्नागिरीकडच्या, त्यामुळं कोल्हापूरच्या माणसांबद्दल त्यांचे काही गोड समज होते. चावडीसमोर उभं राहून त्यांनी नवी पद्धत समजावून सांगितली. आता पोरांनी शहरात हेलपाटे घालायचे नाहीत, मदतच गावात येणार. शाळेतली एक खोली, शिकवायला खास शिक्षिका, झोपाळा, गाद्या, धरून चालायचे कठडे, चाकाची खुर्ची. आसपासच्या गावांत मिळून अशी खोली एकच. मात्र ती चालवायची गावानं.

"पालकांची एक समिती करा," मॅडम हसून म्हणाल्या. "अध्यक्ष आपापसात ठरवा."

'आपापसात' हे ऐकल्यावर गावातली जाणती माणसं उठून घरी गेली आणि आपल्या काठ्या जागेवर आहेत ना, ते बघून आली.

कुरणवाडीत दोन गट होते. एक गणपतरावांचा, ज्यांना सगळे आबा म्हणत. दुसरा त्यांच्या सख्ख्या पुतण्याचा, धैर्यशीलचा. चुलत्या-पुतण्यांची मारामारी दूध संस्थेवरून झाली होती, विकास सोसायटीवरून झाली होती, तालमीवरून झाली होती. स्मशानातल्या शेडवरून तर अशी झाली होती, की शेडला पहिलं गिऱ्हाईक उद्घाटनालाच मिळता मिळता राहिलं. विश्वजितचं घराणं धैर्यशीलच्या गटात. कधीपासून आणि का, हे त्यालाही माहीत नव्हतं. रक्तगट जसा कुणी निवडत नाही, तसंच हे.

मॅडमनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "गावात अशी मुलं किती?" तेव्हा आबा छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "आमच्या गटात एकबी न्हाय. आमचं बी चांगलं हाय." धैर्यशीलनं पडलेल्या चेहऱ्यानं राजवीरचं नाव सांगितलं होतं. पण दुसऱ्या भेटीत मॅडम बोलून गेल्या, की अध्यक्ष पालकांच्या मतानं ठरेल. म्हणजे ज्याच्याकडं मुलं जास्त, त्याचा अध्यक्ष.

आठवड्याभरात कुरणवाडीतल्या पोरांची प्रकृती झपाट्यानं ढासळली.

आबांच्या गटातली चष्मेवाली, डावखुरी आणि उगाच हसणारी सगळी पोरं एका दिवसात दिव्यांग झाली. धैर्यशीलनं गणितात नापास झालेला अख्खा वर्ग आणून उभा केला. एक जुळी जोडी 'कोण कुठला कळत न्हाय' या कारणावरून आली. एक आई मॅडमच्या गाडीमागं पोराला समजावत होती, "मॅडमनी बोलावलं की लंगडायचं, कळलं का? नीट चाललास तर बुकलीन." मग मॅडमनी डॉक्टर आणले. डॉक्टरांनी लबाड पोरांना शाळेत हाकललं आणि खरी तेवढी ठेवली. ती निघाली सहा. तीन इकडची, तीन तिकडची.

गंमत अशी की आबांच्या गटातली ती तिन्ही पोरं अगदी खरी होती. त्यातल्या एकीला ऐकू येत नव्हतं. ती संयोगिताच्या भिंतीपलीकडं राहत होती. भिंत एकच, आणि या बाजूला राजवीर कपाळ आपटत असताना त्या बाजूची पोरगी हात लावून भिंत का हलते ते बघायची, हे तिच्या आईनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा संयोगिताला हसावं की तिला मारावं ते कळेना. गटासाठी का होईना, पोरं माजघरातनं बाहेर आली होती. त्यांना उजेडाची सवय नव्हती. डोळे बारीक करून ती गावाकडं बघत होती आणि गाव त्यांच्याकडं.

तीन-तीन झाल्यावर अध्यक्ष काही ठरेना. मॅडमचं हसू एव्हाना बरंच कमी झालं होतं. त्यांनी निरोप धाडला: उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्ष निवडायचा आणि त्याच दिवशी मुलं आत बसून वर्ग सुरू व्हायचा. नाहीतर सामानाचा टेम्पो तसाच शिरोळकडं जाईल. तिकडचं एक गाव खोलीसाठी रोज फोन करतंय.

खास शिक्षिका म्हणून आलेली शांभवी मॅडम सीमेवरच्या गावातली, घरी कानडी बोलणारी, दिसायला एवढीशी. तिनं येऊन खोली झाडली, स्वतःबरोबर आणलेला झोपाळा टांगला, गाद्या घातल्या. ती घरी आली की राजवीर तिच्यापासून हातभर अंतरावर बसू लागला होता, आणि हे अंतर तिला फार मोठं बक्षीस वाटत होतं.

"अक्का, एकच सांगते," ती संयोगिताला म्हणाली. "त्या दिवशी आवाज नको. पहिल्या दिवशी घाबरला, तर तो उंबरा हा परत ओलांडणार नाही."

म्हणून संयोगिता दोन्ही पुढाऱ्यांच्या दारात जाऊन आली. डॉल्बी लावू नका, फटाके उडवू नका. दोघांनीही शब्द दिला, आणि दोघांनीही तो पाळला. आबांनी डॉल्बी न लावता हलगीवाला बोलावला. धैर्यशीलनं फटाके न आणता अण्णाप्पाला आणलं. अण्णाप्पा कुस्तीच्या मैदानांचा निवेदक. त्याचा आवाज माइकशिवाय पंचगंगेच्या पल्याड ऐकू जायचा, आणि तो माइक घेऊन आला होता.

उद्घाटनाच्या दिवशी खोलीच्या दाराला दोन फिती होत्या. एक भगवी, एक पिवळी. दोन कात्र्या, दोन नारळ. मैदानाच्या कडेला सामानाचा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा. संयोगितानं राजवीरच्या कानांत कापूस घातला, वरून मफलर बांधला आणि त्याला घेऊन ती मैदानाच्या या टोकाला, पाण्याच्या टाकीमागं थांबली. खोलीचं दार समोरच्या टोकाला. मध्ये अख्खं गाव.

अण्णाप्पानं सवयीनं सुरुवात केली. "लाल मातीतल्या रसिकहो! आज या आखाड्यात..." मग त्याला आठवलं. "...या खोलीत, विशेष बालकांची मानाची..." पुढं काय म्हणायचं ते त्याला सुचेना, म्हणून तो म्हणाला, "मानाची सोय!" हलगी कडाडली. मफलरखाली राजवीरचे हात कानांवर गेले.

तेवढ्यात आबा उठले. फेटा नीट केला आणि माइकवर म्हणाले, "आमच्या गटाचं चौथं मूल हाय. म्हंजे समदी सात. म्हंजे अध्यक्ष आमचा."

गर्दी दुभंगली. आबांची सून तेजस्वी सात-एक वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन येत होती. मुलीचे पाय शालीतून लोंबत होते, मनगटाएवढे बारीक. तोंड ऊन न लागलेल्या माणसाचं असतं तसं पांढरं. मान एका बाजूला कललेली, पण डोळे भिरभिर सगळ्यांवर फिरत होते. कधी नव्हे ती एवढी माणसं बघून ती खूश झाली होती.

"ही पोरगी कुणाची?" धैर्यशीलनं विचारलं.

"पाव्हण्यांची हाय," आबा म्हणाले.

"कुठल्या पाव्हण्यांची?"

"हायत की. वारणानगरकडची."

इथं आबांचं चुकलं. पहिल्याच रांगेत वारणानगरची मंडळी बसली होती. आबांच्या धाकट्या लेकीचं स्थळ. तिकडं बोलणी होत आली होती आणि म्हणूनच त्यांना मुख्य पाहुणे केलं होतं. त्यांच्यातला एक म्हातारा सरळ मनानं म्हणाला, "वारणानगरात कुणाची ओ? आमच्या कॉलनीतली काय?"

आबा फेट्याचं टोक मागं टाकू लागले.

"पाव्हण्यांची असंल तर पाव्हण्यांच्या गावात मोजा की," धैर्यशील म्हणाला. "ऊसतोडीच्या टोळीगत पोरं बाहेरनं आणालाय व्हय?"

असं म्हणत तो जवळ आला आणि मुलीकडं बघून थबकला. हनुवटीला मधोमध खळगा. तसाच खळगा आबांना होता, तसाच धैर्यशीलला. त्यानं तेजस्वीकडं पाहिलं. तेजस्वीनं नजर खाली घातली नाही. सात वर्षांपूर्वी आबांच्या घरात नात जन्मली आणि जन्मताच गेली, असं गावाला सांगण्यात आलं होतं.

"आबा," धैर्यशील म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दुखावला होता, "हिचं सुतक पाळलंय मी. यात्रा होती गावाची. मटण खाल्लं न्हाय."

आबांनी पुतण्याच्या कानाखाली मारली.

पुढचं सगळं घडायला दोन घोट चहा घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. धैर्यशीलनं आबांच्या कमरेला मिठी मारून त्यांना टेबलावर पाडलं. टेबल मोडलं. आबांचा माणूस खुर्ची घेऊन धावला आणि ती त्यानं पहिल्या दिसलेल्या डोक्यात घातली. ते डोकं विश्वजितचं होतं. विश्वजितच्या कपाळावरून रक्ताची धार भुवईत उतरली, त्यानं ती बाहीनं पुसली, आणि हाताला लागलेला नारळ दुसऱ्या एकाच्या टाळूवर फोडला. नारळ फुटला नाही. टाळू फुटली. हलगीवाल्याचा जन्म कुस्तीच्या मैदानात गेलेला. माणसं भिडलेली दिसताच त्याच्या हातांनी त्याला न विचारता ताल दुप्पट केला. आणि अण्णाप्पा, ज्यानं आयुष्यात शांततेचं आवाहन कधी केलं नव्हतं, तो माइक ओठांना लावून सुरू झाला:

"आणि धैर्यशीलनं काढलाय एकेरी पट! आबांनी पाय सोडवलाय! वय बघा, दम बघा! टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्याही झाल्या.

हत्यारं कमी पडली तसा जमाव टेम्पोकडं वळला. कुबड्या गेल्या. कठड्याच्या नळ्या गेल्या. चाकाच्या खुर्चीत कुणीतरी एकाला बसवून तिच्यासकट दुसऱ्या गटावर सोडला, आणि तो बसल्या बसल्या दोघांच्या नडग्या फोडून भिंतीवर आदळला. व्यायामासाठीचा भला थोरला रबरी चेंडू एका पैलवानानं उचलून फेकला. चेंडू समोरच्याच्या छातीवर आपटून परत आला आणि फेकणाऱ्यालाच आडवा करून गेला. "चेंडूनं केलाय चितपट!" अण्णाप्पा ओरडला. फितीची कात्री कुणाच्या तरी मांडीत उभी होती, आणि तो माणूस तिच्याकडं बघत, ती आपलीच की काय, असा विचार करत बसला होता.

"सामान परत भरा!" प्रभुदेसाई मॅडम किंचाळल्या. "शिरोळ! टेम्पो शिरोळला न्या!" त्यांच्या डोक्यावरून एक खुर्ची गेली आणि त्या खाली बसल्या. ड्रायव्हरनं टेम्पो वळवायला घेतला.

टाकीमागं राजवीर सुरू झाला होता. तो टाकीवर कपाळ मारत होता, आणि आता तिथं संयोगिताचा हात होता. एक, दोन, बोटं चेचत होती. तिनं टेम्पोकडं पाहिलं. टेम्पो फाटकापर्यंत पोहोचला, की राजवीरचं उरलेलं आयुष्य दाव्याला बांधून गोठ्यात जाणार होतं. तिनं त्याला मागून कवेत घेतला, छातीशी आवळून उचलला आणि ती मैदानात घुसली.

मोडक्या टेबलाशेजारी तेजस्वी पालथी पडली होती, लेक पोटाखाली. तिचा आणि संयोगिताचा नवरा भाऊबंद, पण गट वेगळे, म्हणून या दोघी आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"ऊठ," संयोगिता म्हणाली. "आत जायाचं."

"आबा मारतील."

"आबांना सवड न्हाय. ऊठ, म्हणतो न्हवं!"

तेजस्वी उठली. पोरगी तिच्या खांद्यावरून मागं बघत खदखदून हसत होती. तिच्या लेखी एवढा चांगला कार्यक्रम पुन्हा होणार नव्हता.

अर्ध्यावर धैर्यशीलनं राजवीरचं मनगट पकडलं. त्याच्या ओठांतून रक्त गळत होतं. "कुठं चाललीस? पोरगं आपल्या गटाचं हाय. अध्यक्ष ठरल्याबिगर एकबी पोरगं आत जायाचं न्हाय."

"दादा, हात सोडा."

"न्हाय सोडत."

राजवीरनं त्याच्या हाताला दात लावले. दातांना काय धरायचं ते माहीत होतं, अंगठ्याखालचा मऊ भाग. धैर्यशील असा ओरडला की अण्णाप्पानं त्याची दखल घेतली. एरवी संयोगिता पोराच्या गालांवर दोन बोटं दाबून जबडा अलगद सोडवायची. हे तिला झोपेतही जमायचं. आज तिनं ती दोन बोटं वापरलीच नाहीत. धैर्यशील गुडघ्यावर आला, तेव्हा तिनं आपलं कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. हे ती पोराकडूनच शिकली होती. नाक मोडल्याचा आवाज कसा येतो ते तिला ठाऊक होतं. तो आला. मग तिनं बोटं लावली.

हलगी अजून कडाडत होती, आणि राजवीरचं अंग धनुष्यासारखं ताणलं जात होतं. संयोगितानं वाट वाकडी केली. हलगीवाला डोळे मिटून वाजवत होता. त्याचं खरं तर काहीच चुकलं नव्हतं. तिनं पडलेली कुबडी उचलली आणि त्याच्या तोंडावर फिरवली. हलगी गप्प झाली, दात उडाला. त्याच वेळी तेजस्वीनं, कडेवर पोरगी घेऊन, अण्णाप्पाच्या माइकची वायर पायात गुंडाळून उपटली. अण्णाप्पा बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिला.

मैदान एकदम बदललं. माणसं मारत होतीच, पण ताल गेल्यामुळं कुणाला कधी मारायचं ते कळेना. नुसते धपधप आवाज, धापा, मध्येच 'आई गं'.

दोन्ही फिती छातीवर घेऊन दोघी उंबरा ओलांडून गेल्या. बाकीच्या पाच पोरांना त्यांच्या आयांनी मागच्या खिडकीतून केव्हाच आत दिलं होतं आणि त्यांच्यामागून त्या स्वतःही शिरल्या होत्या. दोन्ही गटांच्या. संयोगिता दार लावणार, तेवढ्यात उंबऱ्यातून प्रभुदेसाई मॅडम चार पायांवर आत आल्या. केस सुटलेले, एका हातात तुटलेली पर्स.

"मॅडम, चपला बाहेर," शांभवी मॅडम म्हणाली.

मॅडमनी निमूटपणे चपला काढल्या. कडी बसली.

शांभवी मॅडमनं राजवीरला गादीवर घेतलं, दुसरी जाड गादी त्याच्यावर घातली आणि आपलं सगळं वजन टाकून हळू हळू दाबू लागली. राजवीर आधी धडपडला. मग त्याचा श्वास लांबला. मग मुठी सुटल्या. संयोगिता दाराला पाठ लावून उभी होती. बाहेरून कुणीतरी कुणाला तरी दारावर आपटत होतं, आणि प्रत्येक दणक्याला तिचे दात वाजत होते. दोन बाया येऊन तिच्या दोन बाजूंना पाठ लावून उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडची शेजारीण त्यात होती. तेजस्वीनं लेकीला झोपाळ्यात बसवलं. झोपाळा हलला तशी पोरगी हसायची थांबली आणि गंभीर झाली, मोठं काम मिळाल्यासारखी.

"वर्ग... सुरू झाला का?" प्रभुदेसाई मॅडमनी जमिनीवरूनच विचारलं.

"झालाय," शांभवी मॅडम म्हणाली. "हळू बोला."

बऱ्याच वेळानं दारावर टकटक झाली. आपटल्यासारखी नव्हे, पाहुण्यासारखी.

"दार उघडा. आबा हाय."

"काय पायजे?" संयोगितानं विचारलं.

"खांदा निखळलाय. हिकडं लई मारालेत. आत घ्या मला."

"बिगर पोराचं आत येता येत न्हाय. तुमचं पोर कोण हाय आत?"

फटीतून संयोगिताला आबांचा उतरलेला फेटा दिसत होता, आणि त्यांच्यामागं वारणानगरची मंडळी. त्यांच्या गाडीचं दार उघडं होतं, पण कुणी बसत नव्हतं.

"सुनेची हाय," आबा पुटपुटले.

"आन् तुमची?"

"...नात."

"ऐकू आलं न्हाय. मैदानाला सांगा."

आबा वळले. एक हात लोंबत होता, दुसऱ्या हातानं त्यांनी तो धरला होता. सत्तरी गाठलेला माणूस, निम्मं गाव ज्याच्या शब्दावर उठायचं.

"माझी नात हाय आत!" ते ओरडले. "पाव्हण्यांची न्हाय! माझी हाय! जिती हाय! माझ्या आईचं नाव ठेवलंय तिला, बनाबाई!"

मैदानात भिडलेली माणसं एकमेकांची गचांडी धरून तशीच थांबली. वारणानगरचा तो म्हातारा पुढं आला. आबांनी मान खाली घातली, आता स्थळही गेलं हे त्यांना दिसत होतं. म्हातारा मात्र त्यांना ओलांडून दाराशी गेला आणि फटीला तोंड लावून हळूच म्हणाला, "बाई, आमच्याकडं बी एक हाय. नातू. घरातच असतोय. बाहेरगावचं चालंल का?"

संयोगितानं कडी काढली. मोडलेल्या नाकाचा धैर्यशीलही मागून घुसू बघत होता. त्याला तिनं नुसतं कपाळ दाखवलं. तो थांबला.

आबा आत आले ते थेट झोपाळ्यासमोर बसले. बनूनं त्यांना ओळखलं नाही. ओळखण्याएवढी ती त्यांना कधी भेटलीच नव्हती. तिनं हात लांब करून त्यांची मिशी धरली आणि पूर्ण ताकदीनं ओढली. आबांनी सोडवून घेतली नाही.

"अध्यक्षांचं काय?" प्रभुदेसाई मॅडम पदर सारखा करत म्हणाल्या. "पालक इथंच आहेत. सांगा, कोण?"

कुणी मत दिलं नाही. तेजस्वीनं फक्त दाराशी उभ्या असलेल्या संयोगिताकडं बोट केलं, आणि बाकीच्या बायांनी आपापल्या पोरांकडं लक्ष वळवलं, विषय संपल्यासारखं.

"पर ती दुसऱ्या गटाची..." आबा सुरू झाले.

"आबा, गप बसा," तेजस्वी म्हणाली. "पोरगं झोपालंय."

मॅडमनी खिडकीतून हात काढून गर्दीत अडकलेला टेम्पो थांबवला. त्यात उतरवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. मग संयोगिता बाहेर पायरीवर आली. चेचलेली बोटं, सुजलेलं कपाळ, दंडावर चावा. मैदानातली मारामारी दम खाऊन पुन्हा सुरू होण्याच्या बेतात होती. दोन्हीकडून शिव्यांना धार लागत होती.

"ज्यानं जे नेलंय त्यानं ते हितं आणून ठेवा," ती म्हणाली. "मोडलं असंल तर दुरुस्त करून."

एकेक जण पुढं आला. कुबड्या आल्या, नळ्या आल्या, मांडीतली कात्रीसुद्धा आली. शेवटी विश्वजित चाकाची खुर्ची ढकलत आला. डोक्याला कुणाचा तरी फेटा बांधलेला, त्यातून रक्त झिरपत होतं. त्यानं दारातून आत डोकावलं. गादीखालून राजवीरचे दोन पाय तेवढे बाहेर आले होते, सैल पडलेले.

"झोपलाय?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"व्हय."

"दिवसा?"

"व्हय."

विश्वजित तिथंच खुर्चीच्या मुठी धरून उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "उद्या बी हाय न्हवं हे?"

"रोज हाय. पर आवाज चालायचा न्हाय. मारामारी राहिली असंल तर सांग त्यांस्नी, वड्याच्या पल्याड जावा म्हणावं."

विश्वजितनं जाऊन सांगितलं. दोन्ही गटांनी विचार केला आणि त्यांना ते पटलं. माणसं चपला हातात घेऊन, ओळीनं, पाय न वाजवता ओढा ओलांडून गेली, आणि दिवस मावळेपर्यंत पलीकडच्या रानात त्यांनी एकमेकांना दात-ओठ खाऊन बडवलं. ज्याला लागायचं तो आधी तोंडात फेट्याचं टोक घालायचा.